वीसपट कडा

गिलाव्याला पोहता येत नव्हतं आणि होडीत बसलं की त्याला मळमळायचं. तरीही समुद्राचा तळ त्याच्याइतका हाताखालून घातलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्या कॉलेजच्या भूगोल संग्रहालयात किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंतच्या तळाचा जो मोठा नमुना आहे, तो त्याच्या हातचा. मी तिथे भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशे माझे आणि प्लास्टर त्याचं. भांडणं मात्र दोघांची.

मूळचा तो छताला प्लास्टरची फुलं बसवणारा कारागीर. संग्रहालयाचं छत दुरुस्त करायला आला आणि राहिला तो राहिलाच. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कायम प्लास्टर, म्हणून पोरांनी गिलावा नाव पाडलं. त्याला ते आवडायचं. नावं ठेवून घ्यायला तरी लोकांच्या लक्षात राहावं लागतं, म्हणायचा.

त्याचं काम बघत बसावं असं होतं. समुद्राच्या नकाशावर सारख्या खोलीच्या रेषा असतात. एकेक रेषा पुठ्ठ्यावर उतरवायची, कापायची, पुठ्ठे एकावर एक चिकटवायचे, की जिना तयार होतो. त्यावर प्लास्टर ओतायचं आणि ते ओलं असतानाच चमच्याच्या पाठीने आणि अंगठ्याने सगळ्या पायऱ्या मोडून टाकायच्या. पायरी दिसली की समुद्र मेला, असं त्याचं म्हणणं. पोरं काच सरकवून नमुन्यातल्या खोल जागी चॉकलेटचे कागद टाकत. ते चिमट्याने काढताना तो मला म्हणायचा, "बाई, समुद्र साफ केला. आता पगार वाढवा."

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्राचा तळ चित्रात दिसतो तसा नसतो. किनाऱ्यालगत भूखंड मंच, म्हणजे उथळ पाण्याखालचं जवळजवळ सपाट अंगण. ते संपलं की खंडान्त उतार, आणि खाली सागरी मैदान, त्यात मधूनच एखादा बुडालेला डोंगर. पण हे सगळं इतकं लांबरुंद पसरलेलं असतं की खऱ्या मापाने नमुना केला, तर तो टेबलासारखा सपाट होईल आणि बघणारा जांभई देऊन निघून जाईल. म्हणून उभं माप वाढवतात. आमचं वीसपट वाढवलेलं होतं. कोपऱ्यातल्या पाटीवर तसं लिहिलेलंही होतं, पण पाट्या वाचतो कोण? आम्ही जाणकार मंडळी त्या फुगवट्याला इतके सरावलो होतो की तो आम्हाला दिसेनासाच झाला होता.

मंचाच्या काठाला एक घळ आहे, उताराला चिरत खाली गेलेली. खिडकीतलं ऊन नेमकं तिथे पडायचं, म्हणून गिलाव्याने तिची कड अंगठ्याने आणखी धारदार केली, मापापेक्षाही जास्त. मी रागावले तर म्हणाला, दिसायला नको का? दिसायची खरी. बघणारे तिथे थांबून 'बाप रे' म्हणायचे आणि हा उगाच फडक्याने काच पुसत ते ऐकत राहायचा.

त्याच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला होता. ती बोट वादळात गेली. शेवटचा निरोप आला तो मंचाच्या काठावरून, त्याच घळीच्या तोंडाशी. शोध झाला, थांबला. कंपनीचा माणूस घरी येऊन 'बेपत्ता' म्हणून गेला, आणि घरात सगळ्यांनी तोच शब्द धरून ठेवला. गिलाव्यानेही. ज्या भाच्याला त्याने कडेवर खेळवलं, त्याच्याबद्दल तो "अजून काही कळलं नाही" एवढंच म्हणायचा.

मग एक दिवस अक्का सुनेला घेऊन संग्रहालयात आली. मी तिथेच पेपर तपासत बसले होते. ती सरळ नमुन्यापाशी गेली आणि म्हणाली, "कुठे ते दाखव."

माहीत नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण आयुष्यभर लोकांना बोट लावून दाखवायची सवय. त्याने काच सरकवली आणि घळीच्या कडेवर बोट ठेवलं. हात दाखवून अवलक्षण.

अक्काने वाकून खाली पाहिलं. बराच वेळ. कड, खाली सरळ तुटलेली भिंत, तळाशी सावली. "इथून पडला," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. गिलावा गडबडीने समजावू लागला, की हे फुगवलेलं आहे, खरं असं नसतं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या चोरट्या पोराकडे बघावं. इतकी वर्षं लोकांना खोटं दाखवत होतास का, म्हणाली.

तिथून पुढे ती रोज येऊ लागली. पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसायची, घळीकडे बघायची, संग्रहालय बंद झालं की जायची. अंगावरचे कपडे ढगळ दिसायला लागले. शेवटी सून मला गाठून म्हणाली, सासूबाई झोपेत दोन्ही हातांनी खाटेची कड धरून ठेवतात. सोडवली तर किंचाळतात.

"बाई, त्यांना वाटतं तो अजून पडतोच आहे."

मी ते तसंच्या तसं गिलाव्याच्या कानावर घातलं. मला गोड करून सांगता येत नाही. तो खाली बसला. मग म्हणाला, खऱ्या मापाचा नमुना करतो.

मी नको म्हणाले. दुःखाला प्लास्टर लावून काही होत नसतं. पण ऐकेल तर गिलावा कसला. त्याने वर्कशॉपमध्ये जुन्या दाराची एक फळी आडवी टाकली आणि लागला कामाला. पुठ्ठ्याचा जिना लागलाच नाही, कागदाचे पातळ थर पुरले. अख्खा मंच नखाच्या जाडीइतका कलला, उतार दोन बोटं खाली गेला, आणि ती भयंकर घळ म्हणजे ओल्या वाळूवरून कुणी अंगठा ओढावा तेवढी एक खळगी. अंगठ्याला काही कामच उरलं नव्हतं. त्याला त्याचाच राग येत होता, मला दिसत होतं. संग्रहालयाचे साहेब डोकावून म्हणाले, ही फरशी बसवायची कुठे? तो हसला नाही.

फळी वाळली तशी सून अक्काला घेऊन आली. गिलाव्याने बहिणीचा हात धरला आणि किनाऱ्यापासून तळवा हळूहळू फिरवत नेला. मंचावरून, काठावरून, उतारावरून खाली मैदानात. कुठेच हात अडखळला नाही.

"कडा कुठे गेला?" तिने विचारलं.

"नाहीच आहे, अक्का. असाच आहे तो उतार."

"मग ते तिकडचं?"

"दिसावं म्हणून केलं."

"कुणाला?"

तिने पुन्हा स्वतःच हात फिरवला, एकदा, दोनदा. तिच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला, आणि मी मनात म्हटलं, जिंकला गाढव. गिलाव्यालाही तसंच वाटलं असणार, कारण त्याला गप्प राहवेना. म्हणाला, इतका सौम्य आहे अक्का, की पाणी नसतं तर म्हातारं माणूससुद्धा सहज चालत जाईल.

अक्काचा हात मैदानावर थांबला. मग तो उलटा निघाला, उतारावरून वर, काठाकडे.

"म्हणजे वरही येता येईल," ती म्हणाली.

सून माझ्याकडे बघायला लागली. पाण्याचा दाब, खोली, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. वर्गात मी ते घडाघडा सांगते. पण तिथे शिकवण्यासारखं काही नव्हतं. गिलाव्याचा चेहरा त्याच्या प्लास्टरच्या रंगाचा झाला होता. तेव्हा हो म्हणाला असता, तर ती दार उघडं टाकून मरेपर्यंत वाट बघत बसली असती, हे त्याला कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "तो गेला, अक्का."

त्या घरात हे पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं. अक्का रडली नाही. तिने हात उचलला, बोटांना लागलेली पांढरी पूड रुमालाला नीट पुसली.

"हे तुला त्या दिवशीच सांगता आलं असतं," ती म्हणाली. "बोट लावायच्या आधी."

आणि सुनेचा हात धरून गेली.

पुन्हा ती आली नाही. तो घरी गेला की सून दारातूनच सांगायची, झोपल्यात. त्याने मोठ्या नमुन्यातली घळ खरवडून मापात आणली. आता तिथे कुणी 'बाप रे' म्हणत नाही, आणि कुणी काही विचारलं तर तो लांबून छडीने दाखवतो. फळी वर्कशॉपमध्ये भिंतीला उभी आहे, साहेबांनी दोनदा फेकायला सांगूनसुद्धा.

सून मला अधूनमधून कॉलेजात भेटते. भेटली की तो कुठून तरी येऊन उभा राहतो आणि एकच विचारतो, खाटेची कड धरते का अजून?

"नाही धरत," ती सांगते.

तो मान हलवतो आणि कामाला जातो. बहीण त्याच्याशी बोलते का, हे तो तिला कधीच विचारत नाही.