कुमुदताईंना खुर्ची नको होती

कुमुदताई मानवतकरांना खुर्चीत बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. चहा उभ्यानं, पोळीभाजी उभ्यानं आणि चित्रंही उभ्यानंच. फायलींच्या कपाटावर ड्रॉइंग बोर्ड ठेवायचा, पदर खोचायचा आणि काढायला लागायचं. मध्येच खिडकीशी जाऊन यायचं, मध्येच जिन्यापर्यंत फेरी मारायची. त्यांच्याबरोबर एका खोलीत काम करताना माझंही लक्ष सारखं दाराकडे जाई.

ती खोली हैदराबादेत, आबिड्सच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होती. लग्नपत्रिका, लोणच्यामसाल्यांची लेबलं, दुकानांच्या पिशव्या अशी डिझाइनची कामं आम्ही दोघी भागीदारीत करायचो. मी लग्न होऊन पुण्याहून तारनाक्याला आलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आणि त्यामुळे जराशी शिष्ट. त्या जन्मानं सुलतान बाजारच्या, पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या घरातल्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. ‘हौ’, ‘नक्को’ आणि ‘परेशान’ यांच्याशिवाय त्यांचं मराठी पुढं सरकत नसे. मला आधी हसू यायचं, मग नकळत मीही तशीच बोलायला लागले.

गिऱ्हाइकानं मजकूर आणून दिला की तो घेऊन बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. “घर बघितल्याबिगर काढू कशी?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग पिशवीत कागद-पेन्सिली टाकून त्या लग्नघरी जाणार, तिथल्या माणसांत वावरत पत्रिका काढणार आणि तिथंच सगळ्यांची पसंती घेऊन येणार.

एकदा काचीगुड्याच्या एका घरी मांडवासाठी परसातलं सीताफळाचं झाड पाडायचं घाटत होतं. भावाभावांत त्यावरून धुसफूस चालली होती. कुमुदताईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. पत्रिकेला सीताफळाच्या पानांची किनार काढून दिली, एवढंच. ती बघून मुलीचे वडील म्हणाले, आता पाहुणे झाड शोधतील, ते नसून कसं चालेल? मांडव चार हात सरकला. कुमुदताई त्या लग्नात जेवल्यासुद्धा उभ्यानंच.

मग दिवस बदलले. टीव्हीवर नवनवी चॅनेलं आली, बाजारात परदेशी वस्तू आल्या आणि आबिड्सच्या गल्लीगल्लीत कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या पाट्या लागल्या. हातानं काढलेली पत्रिका लोकांना अचानक जुनी वाटायला लागली. “कॉम्प्युटरवर बनवता का?” असं जिन्यातूनच विचारून माणसं परत जायची. कॉम्प्युटर घ्यायचा की खोली बंद करायची, एवढाच प्रश्न उरला. आणि घ्यायचा तर एकच घेता येणार होता.

मी डेस्कटॉपच्या बाजूची. पडदा मोठा, रंग खरे, बिघडला तर सुटे भाग मिळतात, पुढं वाढवता येतो. कुमुदताईंनी माझं सगळं येरझारा घालत ऐकलं. डेस्कटॉपला त्या कपाट म्हणायच्या.

“तुझं कपाट चांगलंय गं. पण ते इथून हलणार नाही, म्हणजे मीबी इथून हलणार नाही. मग मी करू काय इथं?”

त्यांना लॅपटॉप हवा होता. मी चिडले, दोन दिवस अबोला धरला, डिझाइनच्या कामाला तो कसा कुचकामी आहे हे नवऱ्याच्या तोंडूनही वदवून घेतलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी लॅपटॉपच आला. काळाभोर, चांगलाच जड, पण कुमुदताई तो खांद्याला लावून रिक्षात चढल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझा राग निम्मा उतरला. माऊस त्यांनी महिन्याभरात हातात बसवून घेतला.

लॅपटॉपवरची पहिली लग्नपत्रिका बरकतपुऱ्यातल्या एका मोठ्या कुटुंबाची. रंग डाळिंबी ठरला. कुमुदताईंनी स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्या घरातच पत्रिका पुरी केली. काका मागं उभे, आत्या बाजूला, नवरी कुमुदताईंच्या खांद्यावरून डोकावत, आजी खाली सतरंजीवर. सगळ्यांनी हाच रंग, म्हणून माना डोलावल्या. आजी तेवढी म्हणाली, “लई गर्द दिसायलंय.” सगळे हसले आणि तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आता लांबवायला नको, असं ठरलं. मुहूर्त जवळ आला होता, म्हणून प्रूफ न काढताच, मीही पडद्यावर न बघताच आम्ही काम छापखान्यात दिलं.

पत्रिका छापून आल्या त्या जवळजवळ काळ्या. लग्नाची पत्रिका, आणि काळी. त्या घरातून फोन आला, हा रंग आम्ही पसंत केलाच नव्हता. काका म्हणाले, फिकट गुलाबी होता. आत्या म्हणाली, शेंदरी. कुणीच खोटं बोलत नव्हतं. लॅपटॉप उघडून मी समोर बसले, कुमुदताई नेहमीसारख्या माझ्यामागं उभ्या राहिल्या. “केवढा गडद केलाय तुम्ही,” मी म्हटलं. “कुठं गं? फिकाच आहे की,” त्या म्हणाल्या. तेव्हा उलगडा झाला. त्या वेळच्या त्या पडद्यावर रंग प्रत्येक कोनातून वेगळा दिसायचा. कुमुदताई उभ्या राहून वरून बघायच्या, वरून सगळं फिकं दिसायचं, म्हणून त्या रंग चढवत गेल्या होत्या.

मी उठले. त्या खुर्चीत बसल्या. पडदा पुढंमागं कलवून बघितला. मला ‘मी सांगत होते’ असं म्हणायचा फार मोह झाला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो गेला. नव्या पत्रिका छापून त्या स्वतः घेऊन गेल्या, आधी सतरंजीवर आजीशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, खरं तुम्हालाच दिसलं होतं.”

त्यानंतर लॅपटॉप विकून डेस्कटॉप आणला. कुमुदताई त्याच्यासमोर बसायला लागल्या. रंग चुकेनात, कामं वेळेवर जायला लागली, गिऱ्हाइकं वाढली. टेबलाखाली त्यांचा पाय मात्र सारखा हलायचा, इतका की माझ्या कपातला चहा हिंदकळायचा. लग्नघरी जाऊन यायला आता सवड नव्हती आणि लोकांनाही त्याची गरज उरली नव्हती. मजकूर पाठवायचे, पत्रिका घेऊन जायचे.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्यांनी मॉनिटर बंद केला.

“वैशाली, तुझं बरोबर होतं. कपाटच पाहिजे या कामाला. पण दिवसभर मी नावं वाचायलेय, माणूस एक दिसत नाही. जीव परेशान होतो बघ. हे मला नक्को.”

मी खूप विनवलं. आठवड्यातून एकदाच या म्हटलं, नवीन लॅपटॉप घेऊ म्हटलं. त्या हसल्या आणि ब्रश घेऊन गेल्या. पुढं काही वर्षं सुलतान बाजारात कुणाकुणाला हातानं लेबलं काढून देत होत्या, मग लेकीकडे परभणीला गेल्या. मागच्या वर्षी तिथंच वारल्याचं लेकीनं कळवलं. मला त्या फार आवडत होत्या, आणि हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

आता माझं ऑफिस मोठं आहे. प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे, त्यावर रंग कुठूनही बघा, सारखाच दिसतो. सकाळी आणतात, टेबलावर ठेवतात, संध्याकाळी घरी नेतात. तो घेऊन कुणी कुणाच्या दारात गेल्याचं मला आठवत नाही.

कुमुदताई गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात एका गृहस्थांचा मुलीच्या पत्रिकेसाठी फोन आला. मजकूर मेलवर पाठवतो, म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी घरी येऊ का?”

अगदी सभ्यपणे त्यांनी विचारलं, “कशाला?”

मी खुर्चीतून उठले होते, ती परत बसले. मग म्हटलं, मेलच करा.