नव्याच्या आधीची काकडी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. घरचे तोंडावर म्हणतात, शाळेतली पोरं पाठीमागे म्हणत असतील. पण धानोऱ्याच्या पलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकवत असताना रागापेक्षा मला काळजीच जास्त होती. चौथीतली एक पोरगी प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर येऊन खाली बसायची. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली अन् मला बाजूला नेऊन म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. भाजी, फळं, जे मिळेल ते पोटात जाऊ द्या. अशीच राहिली तर साधा तापही हिला झेपणार नाही."

त्या दिवसापासून मी हात धुऊन त्या पोरीच्या मागे लागले.

आधी भिंतीवर फळांचा तक्ता लावला. सफरचंद, द्राक्षं, संत्री यांच्यावर छडी ठेवून जीवनसत्त्वं सांगितली. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "बाई, हे सफरचंद कोणत्या झाडाले लागते? आमच्या जंगलात तं नाई." विचारणाऱ्याची जीभ जांभळं खाऊन जांभळी झाली होती. मला माझंच हसू आलं. तक्ता काढला अन् शाळेच्या मागे, हापशीचं पाणी वाहून जायचं तिथं परसबाग केली. बरबटी, भेंडी, दोडके अन् कुंपणावर काकडीचे वेल. मी चामोर्शीकडची, धानाच्या बांधावर वाढलेली, मातीत हात घालायला मला काय लाज! ती पोरगी अशक्त, पण पाण्याचा डबा दुसऱ्याच्या हाती देत नव्हती.

श्रावणात काकड्या धरल्या. बरबटीच्या शेंगाही हातभर लांब झाल्या. एक दिवस मी स्वतः शेंगा निवडल्या, काकड्या चिरल्या, मीठ लावलं अन् खिचडीबरोबर प्रत्येकाच्या ताटात वाढलं. पोरांनी खिचडी खाल्ली. भाजी अन् काकडी तशीच. एकानंही हात लावला नाही.

"काऊन नाई खाऊन राह्यले?" मी विचारलं. एकेकानं ताट पुढं सरकवलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. दोन महिने खपले, कोंबड्या हाकलल्या, अन् ही पोरं नखरे करतात! खूप बोलले मी. शेवटी त्या पोरीच्या पुढ्यात बसले, काकडीची फोड तिच्या ओठाला लावली अन् म्हटलं, "माझ्यासाठी खा." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं, चावलं, गिळलं. मी खूश. सगळ्या वर्गाला म्हटलं, "पाहा, शहाणं लेकरू असं असते."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी, त्या गावातल्याच, मला चुलीपाशी बोलावलं. "बाई, तुमी तिले नवं खाऊ घातलं. अजून पंडुम नाई झाला."

तेव्हा मला कळलं. नवी भाजी, नवं फळ आधी गावाच्या देवाला दाखवायचं, मग सगळ्या गावानं मिळून खायचं. तोच पंडुम. तोवर आपल्या दारच्या वेलीची काकडीसुद्धा कोणी तोंडात घालत नाही. जो घालेल त्याच्या घरावर संकट येतं, असं मानतात.

"मग मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी काकडी चिरत होत्या तवा म्हटलं होतं ना, बाई, राहू द्या. तुमी म्हटलं, तुम्ही तुमची खिचडी पाहा."

खरं होतं. असंच म्हटलं होतं मी.

"तिच्या लहान्या भावाले ताप आला," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हणते, माह्यामुळं आला. तवापासून पेजेशिवाय काई घेऊन नाई राह्यली."

करायला गेले एक अन् झालं भलतंच. मी तशीच तिच्या घराकडे निघाले. आमच्या घरात देव नाहीत. भिऊन कशापुढे हात जोडायचे नाहीत, हे बाबांनी लहानपणीच शिकवलेलं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. असं काही नसतं, ताप डासानं येतो, शिकलेल्या पोरीनं असं भ्यायचं नसतं.

ती दाराच्या आत भावाला मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा हळदीसारखा पिवळा. तिचा आजा पडवीत दोर वळत होता. गावाची पूजा त्याच्याकडेच, म्हणजे पुजाऱ्याच्याच नातीला मी नियम मोडायला लावला होता. मला पाहून ती उठली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाई, हा मरन का?"

मी डासाचं सांगितलं. वर्गात हलवते तशी तिनं मान हलवली, अन् भावाला आणखी घट्ट धरलं. माझं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. लाज वाटली मला. मी आज्याजवळ बसले अन् म्हटलं, "चूक माही आहे. तिनं माह्या शब्दाखातर खाल्लं."

म्हाताऱ्यानं दोर बाजूला ठेवला. मग दाराकडे तोंड करून, आत ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणाला, "ते संकट खाऊ घालणाऱ्याच्या डोक्यावर पडते. खाणाऱ्याच्या नाई." अन् मला हळूच म्हणाला, "पंडुमपर्यंत तुमी नवं खाऊ नका. देवाले मी सांगतो. पंडुम पार पडला का तुमी सुटल्या."

हा नियम जुना होता की त्यानं तिथल्या तिथं केला, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी "हो" म्हटलं.

त्याच दुपारी आजा अन् मी पोराला आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. मलेरिया निघाला, औषध सुरू झालं. परत आलो तेव्हा पोरगी भात खात होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आली. स्वयंपाकाच्या बाईंनी मागच्या साली वाळवलेली भाजी काढली, कारण जुनं चालतं. पोरगी मुकाट्यानं खाऊ लागली, गोळ्याही घेऊ लागली. मला वाटलं, सुटले.

पण आता ती रोज माझ्या आधी शाळेत यायची. पायरीवर उभी राहून माझं तोंड पाहायची. "बाई, ताप नाई ना?" "नाई." "पोट?" "बरं आहे, जा, पाटी काढ." एकदा मला नुसती शिंक आली तर डब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं. मी हसण्यावारी नेत होते. खरं सांगते, तिच्या मनात काय चाललंय ते मला समजलंच नव्हतं.

पंडुमच्या दिवशी शाळेच्या बागेतली टोपली मी आज्याच्या हाती दिली. माणसं देवाकडे जाऊन आली, अन् मग गावाच्या मोठ्या अंगणात पंगत बसली. पानावर भात, बरबटी, दोडका, काकडी. सगळी पोरं तुटून पडली. ती पोरगी माझ्या शेजारी बसलेली, हात मांडीवर.

"खा ना," मी म्हटलं.

"तुमी आधी."

मी घास घेतला. ती माझ्या गळ्याकडे पाहत होती, घास खाली उतरेपर्यंत. मग तिनं मोठा श्वास सोडला अन् पान जवळ ओढून म्हणाली, "आता तुमी मरत नाई, बाई."

अन् खाऊ लागली. दोनदा भाजी मागून घेतली. ती एवढीशी पोर, अंगात रक्त नाही, अन् रोज सकाळी मी जिवंत आहे का ते पाहायला उन्हापावसात येऊन उभी राहत होती. मला रडू आवरेना. सगळं गाव बसलेलं, म्हणून मान खाली घालून मी तशीच भाजी खात राहिले.