कुणाचा चेहरा सुटू नये

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं बरं आहे.

मी मूळचा लग्नाची शूटिंग करणारा. धुळ्याकडून सिल्वासाला आलो, डोकमर्डीच्या चाळीत खोली घेतली, भाड्याच्या कॅमेऱ्यावर लग्नं काढू लागलो. त्या धंद्यात नियम एकच — कुणाचा चेहरा सुटता कामा नये. कॅसेट बघताना एखादा मामा दिसला नाही, तर त्याचा रुसवा वर्षभर पुरतो. म्हणून पंगतीवरून कॅमेरा सावकाश फिरवायचा, प्रत्येकापाशी जरा थांबायचं. ही सवय हातात मुरली होती. तिनेच घात केला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं.

मग गावात केबल आली. खडोलीत धाग्याची कंपनी असलेल्या एका शेठनी ती विकत घेतली आणि संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या सुरू केल्या. मला कॅमेऱ्यावर ठेवलं. निवडणूक जवळ आली तसा त्या अर्ध्या तासात एकच उमेदवार दिसू लागला, शेठचा. तो नारळ फोडतोय, तो वह्या वाटतोय. बाकीचे उमेदवार जणू गाव सोडून गेले होते. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

त्याच दिवसांत कंपनीत एका पोराची बोटं मशिनीत गेली आणि कामगार गेटवर बसले. शेठनी मलाच पाठवलं. ‘सब शूट करना,’ एवढंच म्हणाले. मला वाटलं, बातमी लागेल. — खरंच वाटलं होतं? आता नक्की सांगता येत नाही.

गेटवर भिकनदादाही होता. माझ्या शेजारच्या खोलीतला, आमच्याच तालुक्यातला. मी नवा आलो तेव्हा पहिले काही दिवस त्याच्याच घरी जेवलो होतो. कॅमेरा बघून तो हसला.

‘भाऊ, मना चेहरा नीट ले. पोरं टीव्हीवर देखतीन.’

मी नीट घेतला. सगळ्यांचेच घेतले, लग्नातल्यासारखे, एकेकापाशी थांबत.

संध्याकाळी चाळीतली माणसं एका टीव्हीसमोर दाटीने बसली. उमेदवाराचं रक्तदान शिबिर दाखवलं. गेटचं अवाक्षर नाही. आणि पुढच्या आठवड्यात गेटवर बसलेली माणसं एकेक करून गेटवरूनच परत पाठवली गेली. भिकनदादाही. दुसऱ्या कंपन्यांतही त्याला कुणी उभं करेना. शेवटी त्याने बिऱ्हाड बांधलं. निघताना माझ्या दारात आला. मला वाटलं, याला कळलं. तो म्हणाला,

‘तुना काय दोष, भाऊ? बातमी शेठनी दाबी. तुले तरास नही ना झाया?’

मी मान हलवली. पोरं त्याचं बोट धरून उभी होती, आणि मी मान हलवली.

आता ते सांगतो. गेटवरून आलो त्या दुपारी शेठनी मला कॅसेट घेऊन केबिनमध्ये बोलावलं. एसी चालू होता. त्यांनी कॅसेट लावली, एका चेहऱ्यावर थांबवली. थांबवलेलं चित्र थरथरत होतं. ‘ये कौन?’

मला धमकावलं, असं मी पुढे मनाशी रचलं. धमकी कुणी दिलीच नव्हती. शेठनी चहा मागवला होता. विचारलं ते त्या एकाचंच नाव. मी ते सांगितलं आणि थांबलो नाही. पुढचा चेहरा आला की न विचारताच बोलत गेलो — हा अमका, हा आमच्याच चाळीत तमक्या खोलीतला. शेठ गप्प ऐकत होते. ते गप्प होते म्हणूनच मी जास्त भ्यालो.

फक्त भिकनदादा आला तेव्हा मी चहाचा कप उचलला. त्याचा हसरा चेहरा पडद्यावरून सरकून गेला. शेठचं लक्ष त्या वेळी फोनकडे होतं. कॅसेट संपली. ‘बस, हो गया,’ म्हणत ते उठले.

तो वाचला होता. मी नुसता चहा पिऊन घरी जायचं होतं. पण माझ्या डोक्यात शिरलं — हा माझ्या शेजारी राहतो, हे यांना उद्या कळलं तर? मुद्दाम लपवला म्हणतील, मग माझं काय?

मी म्हणालो, ‘शेठ, एक राहिला.’

आणि माझ्याच हाताने कॅसेट मागे घेतली.