गप्प झालेले संगणक

कोलकात्यात बालीगंजमधल्या एका जुन्या इमारतीत दृष्टिहीन तरुणांना संगणक शिकवणारं केंद्र आहे. तिथली मशिनं सांभाळण्याचं काम माझ्याकडे. विद्यार्थी हेडफोन लावून बसतात आणि पडद्यावरचा मजकूर संगणक त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. तो आवाज थांबला की त्यांच्यासाठी मशीन म्हणजे नुसता डबा.

एका सकाळी बराकपूरहून येणारी एक विद्यार्थिनी बंगालीत म्हणाली, "दीदी, याचा घसा बसलाय." मी हेडफोन कानाला लावला. आवाज अक्षराअक्षराला अडखळत होता, मग बंदच पडला. सरकारी कचेरीतल्या नोकरीसाठी तिची टायपिंगची परीक्षा तोंडावर आली होती.

मी मशीन तपासलं, आत दडलेला घातक प्रोग्राम काढून टाकला. आवाज परत आला, ती हसली. पण दुपारपर्यंत शेजारचं मशीन अडखळू लागलं आणि संध्याकाळी पुन्हा तिचंच. तेव्हा कळलं, हा साधा व्हायरस नव्हे, वर्म आहे. कुणी काही उघडायची गरज नाही. नेटवर्कच्या वायरीतून तो आपणहून एका संगणकातून दुसऱ्यात शिरतो. दुसरं साफ करेपर्यंत पहिलं पुन्हा बाधलेलं.

उपाय मला ठाऊक होता. सगळ्या वायरी एकदमच काढायच्या, प्रत्येक मशीन वेगळं साफ करायचं, राहिलेले अपडेट घालायचे, पासवर्ड बदलायचे आणि मगच जोडायचं. एक जरी मशीन सुटलं, तरी सगळी मेहनत पाण्यात.

आणि एक सुटणारच होतं, ऑफिसातलं.

"माझं बंद करू नकोस," कार्यालयप्रमुख म्हणाले. शांत, सज्जन माणूस. "नव्या प्रवेशांची कागदपत्रं पाठवायची आहेत. आणि हे तर नीट चालतंय."

"दादा, चालतंय म्हणजे निरोगी आहे असं नाही. इथूनच पुन्हा पसरतंय."

"प्रवेश हुकले तर त्या पोरांना काय सांगू? पुढच्या आठवड्यात बघू."

त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. त्यांच्यावर सक्ती करण्याइतकी मी मोठी नव्हते. ऑफिसला वेगळी इंटरनेट लाइन द्या म्हटलं, तर त्याला समितीची मंजुरी हवी होती.

शेवटी मी एक मशीन साफ करून नेटवर्कपासून तोडलं आणि त्या विद्यार्थिनीसाठी कोपऱ्यात ठेवलं. ती इतकी खूश झाली, की मी वळून काही सांगायच्या आत तिने सरावाचे धडे असलेला आपला पेन ड्राइव्ह त्यात लावला. तो आधी बाधलेल्या मशीनवर वापरलेला, त्यामुळे त्यातही वर्म होताच. थोड्याच वेळात आवाज पुन्हा चिरकला.

तिचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. "माझ्यामुळे झालं का, दीदी?"

"नाही गं," मी म्हटलं. पेन ड्राइव्ह लावू नकोस, हे तिला आधीच सांगायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष वायरींवर होतं.

मी ते मशीन आणि पेन ड्राइव्ह दोन्ही साफ करून दिले, पण तोवर परीक्षेचा दिवस आला होता. ती परीक्षेला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसचं मशीनही गोठलं. कार्यालयप्रमुख स्वतः खाली वाकून वायर काढू लागले. सगळी मशिनं बंद झाली. मी एकेक साफ केलं, अपडेट घातले, पासवर्ड बदलले, पेन ड्राइव्हमधले प्रोग्राम आपोआप चालू होणं बंद केलं. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी तपासायचा, असा नियम झाला. वर्म पुन्हा आला नाही. खरं तर आनंद व्हायला हवा होता.

निकाल तिने फोनवर सांगितला. थोडक्यात हुकलं होतं. "बोटं मध्येच थांबायची. आवाज जाईल असं वाटायचं," ती म्हणाली. परीक्षेच्या ठिकाणचं मशीन अगदी नीट चालू होतं, हेही तिनेच सांगितलं.

मी कार्यालयप्रमुखांना कळवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळे प्रवेश झाले यंदा," ते हळूच म्हणाले.

त्या नोकरीची जाहिरात पुन्हा कधी निघेल, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.