धरणेंद्रअण्णांची बैठक

पडदा वर जातो तेव्हा सतरंजीवर चौदा माणसं गोल बसलेली आहेत. ही सांगलीतल्या आमच्या हौशी नाटक मंडळाची तालमीची खोली. कोपऱ्यात लाकडी तलवारी, दोरीवर वाळणारे अंगरखे. आणि दिवस मावळायच्या आत जेवून आलेले, मांडी घालून बसलेले धरणेंद्रअण्णा. शेती हळदीची, जीव नाटकात. तीस वर्षं ते आमचे प्रमुख होते.

त्यांच्या आधीचे नानासो एकटेच ठरवायचे. दहा मिनिटांत नाटक ठरे आणि दहा महिने रुसवे चालत. अण्णांनी रीत बदलली. कुठलं नाटक, कुणाला कुठलं काम, हे आधी कपडेपट सांभाळणाऱ्या मनुबाईला विचारायचं आणि नायकाला सगळ्यात शेवटी.

"मोठा आधी बोलला की बाकीची नुसती मुंडी हलवत्यात," अण्णा म्हणायचे.

गप्प बसलेला माणूस नाराज आहे असं धरून ते त्याला पुन्हा विचारत. तीन-तीन तास जात. मी कायम राजा. माझी पाळी येईपर्यंत चहा थंड.

"घ्या महाराज, सरबत झालंय त्याचं!" मनुबाई टोमणा मारायची.

गुडघे गेले तसं अण्णांनी मंडळ आमच्यातल्याच वीरधवलच्या हाती दिलं. साताऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर, भला माणूस. गेल्या वर्षी त्यानं कारखान्यातल्या पद्धतीनं फोनवरच मतं मागवली, कुणाचं नाव दिसणार नाही अशी. मंडळ चालू ठेवायचं की बंद करायचं? उत्तर न देणारा बहुमताबरोबर धरला जाईल.

बंद बारा, चालू एक. ते एक माझं. अण्णांचं मत आलंच नव्हतं. ते गप्प राहिले होते, आणि आता वीरधवल विचारायला येईल म्हणून आठ दिवस दारात खुर्ची टाकून बसले होते.

मी तावातावानं मनुबाईकडे गेलो. ती रडायलाच लागली. "म्या बी बंदच केलं. डोळ्यांनी सुई दिसत न्हाई आता. अण्णांच्या तोंडावर कसं सांगू?"

अण्णा वाट बघत बसलेत हे माझ्याकडून कळताच वीरधवल धावत आला. अण्णांचे पाय धरून म्हणाला, "चुकलं माझं. तुमच्या रीतीनं परत बैठक घेऊ."

पुढच्या पंधरवड्यात अण्णा गेले. त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं त्या दिवशीचंच.

"नको रं. समदी दमल्यात, मला दिसत व्हतं. पाच वरसं ह्यो सवाल मीच बैठकीत काढला न्हाई. इचारायचं लय भ्या वाटायचं, गड्या."