मधल्या रांगेतली डावी सीट

आमच्या गाडीत पाच जण बसतात. मी, नवरा, पंधरा वर्षांची लेक आणि दोघे जुळे मिळून आम्हीच पाच होतो. बाबा नाशिकहून आमच्याकडे राहायला येणार म्हणून मी खोली आवरली, नवी गादी आणली, त्यांच्या आवडीचा चहा शोधून काढला. हा साधा हिशेब मात्र कुणाच्याच डोक्यात आला नाही. पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोहातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली सगळे गाडीभोवती उभे राहिलो. बाबांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी पेपर वाचत बसतो."

पुढच्या शुक्रवारीही तेच. कधी मी एका जुळ्याला घेऊन टॅक्सीनं येते, तुम्ही गाडीत बसा म्हटलं, तरी बाबांचं आपलं, "तुम्ही जाऊन या." घरातही ते हॉलमधल्या सोफ्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून गप्प बसून असायचे. ती घरातली सगळ्यात चांगली जागा, आम्ही मुद्दाम त्यांना दिलेली. आई गेल्यापासून ते नाशिकला एकटे होते आणि मला त्यांना कायमचं इथे ठेवून घ्यायचं होतं. त्यांनी मात्र एका सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, "माझं परतीचं तिकीट बघ. आणि खरं सांगू का, आता पुन्हा काही यायचा नाही मी."

मला फार लागलं ते. लागलं की मी चिडते, तशी चिडलेच.

नवऱ्याचं म्हणणं, जुन्या वळणाचा माणूस, लेकीच्या घरी राहायचा संकोच वाटत असणार. माझा राग मुलांवर. दिवसभर इंग्रजी! म्हाताऱ्या माणसानं कुणाशी बोलायचं? मी ओरडले की दोघे जुळे दोन मिनिटं "आजोबा, पाणी हवं?" असं शहाण्यासारखं मराठी बोलायचे आणि पुन्हा गाडी मूळ रुळावर. बाबा मुळात अबोल नाहीत, हे मला छळत होतं. नाशिकला माझ्या चुलतभावाच्या गाडीत पुढे बसले की वणी येईपर्यंत त्यांच्या तोंडाला विश्रांती नसायची. तोच माणूस इथे मूग गिळून बसतो म्हणजे काय?

शेवटी मी ठरवलं, मोठी गाडी घ्यायची. निदान जागा नाही ही सबब तरी उरणार नाही.

नवरा तर वाटच बघत होता. त्याला मोठी एसयूव्ही हवी होती, इथे रस्त्यावर दर तिसरी दिसते तसली, पांढरीशुभ्र. मी मिनीव्हॅन म्हणाले तर त्यानं नाक मुरडलं. "शाळेची गाडी वाटते ती. सिग्नलला थांबलो तर लोक मला भाड्यानं माणसं नेणारा कार-लिफ्टवाला समजून हात दाखवतील."

"आणि तुझी ती वाळूत चालते म्हणून घ्यायची? किती वेळा गेलोय आपण वाळूत?"

"गाडीच नव्हती तशी, जाणार कसे?"

शेवटी दोन्ही गाड्या एकेका शुक्रवारी भाड्याने आणून समैस्माच्या किनाऱ्यावर न्यायच्या असं ठरलं.

आधी एसयूव्ही आली. मला वाटलं होतं, बाबांना एवढ्या उंच पायरीवर चढता येणार नाही आणि माझा मुद्दा आपोआप सिद्ध होईल. बाबांनी दांडीला हात घातला आणि एका दमात वर. "गुडघे ठणठणीत आहेत माझे," वरून म्हणाले. जावयाशेजारची पुढची सीट त्यांचीच, त्यात प्रश्नच नव्हता. दोघे जुळे तिसऱ्या रांगेत गेले, त्यासाठी मधली सीट आडवी करावी लागली आणि मग पुन्हा सरळ. मागची रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन पिशव्या उभ्या राहतात. बर्फाचा डबा सबंध प्रवासभर माझ्या पायांवर होता. बाकी गाडी ऐटदार, हे मी कबूल करते. एसीबद्दल तक्रार नाही, खड्डा तर कळतही नाही.

बाबा जाताना आणि येताना समोरचा रस्ता बघत बसले. मागे आमचा एवढा हशा चालला होता, ते एकदाही वळले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "छान आहे गाडी. तिकिटाचं बघितलंस का?"

पुढच्या शुक्रवारी व्हॅन. ही माझी गाडी, तेव्हा मीच चालवणार म्हणाले. नवरा शेजारी बसला, खोड्या काढायला सोयीचं म्हणून. त्यामुळे बाबांना मधली रांग मिळाली, माझ्या बरोबर मागची, डाव्या खिडकीची सीट. या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आणि मधून वाट. वाटेपलीकडे लेक, मागे दोघे जुळे. सरकतं दार लागलं आणि आम्ही निघालो.

शहराबाहेर पडल्यावर मागून एक जुळा इंग्रजीत दुसऱ्याला म्हणाला, व्हॅन घेतली तर मी शाळेत कुणाला सांगणार नाही, ही तर आंटी लोकांची गाडी आहे.

"तुमच्या आईला कळू देऊ नका," बाबा मराठीत म्हणाले. "ती आंटी गाडी चालवतेय."

दोघे जुळे खिदळायला लागले. लेक म्हणाली, "आजोबा, यू अंडरस्टूड दॅट?"

"आयुष्यभर मशीनची मॅन्युअलं वाचली मी. ती काय मराठीत असायची?"

मग त्यांनी जे तोंड उघडलं ते समैस्मापर्यंत. कारखान्यातल्या गमती, आईनं एकदा स्कूटर शिकायचा घेतलेला ध्यास, काय काय. मी आरशातून बघत होते आणि मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटत होती, परतताना हे पुन्हा बंद होईल याची.

किनाऱ्यावर लेक आजोबांबरोबर पाण्याच्या कडेनं चालत गेली. मी चटई पसरून डबे उघडत होते. दुरून दिसलं, ती काहीतरी बोलतेय आणि बाबा तसेच पुढे चाललेत. ती मागून वळसा घालून त्यांच्या दुसऱ्या बाजूला आली, आणि बाबा लगेच तिच्याशी हसून बोलायला लागले. तिनं पुन्हा जागा बदलली. पुन्हा तेच. मग धावत माझ्याकडे आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मा, ही कान्ट हिअर ऑन दॅट साइड. लेफ्ट साइड. अॅट ऑल."

मी हातातला डबा तसाच खाली ठेवला. भारतात पुढे बसणारा डावीकडे बसतो. चालवणारा आणि अख्खी गाडी त्याच्या उजव्या कानाशी. इथे सगळं उलटं. मानाची म्हणून दिलेल्या सीटवर बाबांचा चांगला कान खिडकीकडे आणि आम्ही सगळे बहिऱ्या बाजूला. सोफ्याच्या कोपऱ्यातही उजवीकडे भिंतच होती.

बाबा आले तशी मी त्यांच्या उजवीकडे बसले. "बाबा, हे कधीपासून?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही. "कारखान्यात प्रेसचं धडधडणारं मशीन माझ्या डाव्या कानाशी असायचं. हळूहळू गेला तो कान."

"अहो, मग सांगायचं ना!"

"लेकीच्या घरी आलो," ते म्हणाले, "त्यात आणखी एक दुखणं कशाला काढून बसायचं? तुम्ही हसता ते कळायचं. कशाला हसता ते कळायचं नाही. दर वेळी काय काय म्हणून विचारायचं? त्यापेक्षा घर बरं."

मला रडू आलं आणि मी त्यांच्यावर ओरडलेही, दोन्ही एकदमच. ते शांतपणे भाकरीवर ठेचा लावत राहिले.

नवरा ऐकत होता. तो म्हणाला, "एसयूव्हीतही मधल्या रांगेत डावीकडे सीट असतेच की." मी डोळे वटारले. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त. मग स्वतःच म्हणाला, "पण मागून दोघांना उतरवताना दर वेळी बाबांना उठवायचं, ते काही खरं नाही. व्हॅनच बुक करू. सिग्नलला कुणी हात दाखवला तर घेऊ त्यालाही."

संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही आधी सोफा फिरवला. मग बाबा बसले, मी त्यांच्या उजव्या हाताला बसले आणि तिकिटाचं विचारायचं म्हणून फोन हातात घेतला. टीव्ही चालू होता, दोघे जुळे भांडत होते. बाबांना ऐकू गेलं नाही तर बरं, असं मनात धरून मी अगदी हळू विचारलं, "परतीचं कधीचं बघू?"

"बघू गं," बाबा म्हणाले. "आधी गाडी तर येऊ दे."