आयेचा अंगठा आणि माझा पहिला नियम

"चुकीचे बोट. नीट प्रयत्न करा."

रोह्याच्या हॉलमध्ये आमच्या संगणक प्रणालीचे मराठी पडदे पहिल्यांदा लोकांना दाखवत होते. भल्यामोठ्या पडद्यावर ही अक्षरं आली आणि पुढच्या रांगेतली माणसं हसली. स्टेजवर माझी आये. पेणच्या खाडीकडची, उभा जन्म मिठागरात काढलेली. तिनं अंगठा पदराला पुसला, यंत्रावर परत टेकवला. पुन्हा तेच. ओशाळून म्हणाली, "माजाच अंगठा खराब हाय, सायेब."

आमच्या गटाचे प्रमुख, दादा, माइकवर बोलले, "असेही वापरकर्ते असतात, काय करणार!" आणखी हशा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण त्या पडद्यावर काय यावं नि काय येऊ नये, ते मी लिहिलं होतं. मी!

ती संगणक प्रणाली मुक्त. कुणा एकाच्या मालकीची नाय, जगभरची माणसं मिळून बनवतात. तिच्या मराठी पडद्यांसाठी नियम हवे होते. बटण कुठं, शब्द कुठले, चूक झाली तर काय म्हणायचं. कंपनीतली शिफ्ट संपवून दोन वर्षं मी ते लिहीत बसले. हमरापूरला गेले. गणपती रंगवणाऱ्या बायका हात माखलेले असताना करंगळीच्या कडेनं मोबाइल कशा चालवतात, ते बघितलं. आयेची बोटं तर मिठानं झिजून गुळगुळीत. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला कितीदा परत पाठवतं. म्हणून माझा पहिला नियम होता: चूक माणसाच्या माथी मारू नका. "यंत्राला ओळखता आलं नाही" म्हणा, आणि दुसरी वाट द्या.

दादा पुण्याचे. वाचून म्हणाले होते, "सोनं लिहिलंयस. आईला घेऊन ये, सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो."

मी भाबडी. आयेला नवं लुगडं नेसवून आणलं. दादांनी पहिलाच नियम उडवला होता. छापलेल्या नियमावलीवर लेखक म्हणून त्यांचं नाव. तळाला बारीक अक्षरात, 'सहकार्य: पेण परिसरातील महिला.' परका असता तर शिवी घालून मोकळी झाले असते. या माणसाला मी राखी बांधली होती हो!

स्टेजवर चढले. आयेचा हात धरला. "पुसू नको, आये. अंगठा तुजा बरोबर हाय. चूक यांची हाय."

दादा कानाशी पुटपुटले, "घरचं भांडण चारचौघांत नको."

"घर कुणाचं?" मी विचारलं. माइक चालूच होता. आयेला घेऊन मी खाली उतरले.

मुक्त कामात कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते. पेणला येऊन मी सगळ्या कामाची नक्कल काढली. त्याला कुणाची परवानगी लागत नाय. पहिला नियम जागेवर ठेवला. खाली माझं नाव, पूर्ण. शेजारी आयेचं.

दादांचे फोन येतात. मी उचलत नाय, उचलणारही नाय. आता प्रत्येक पडदा आधी आयेपुढं जाईल. ती अडली तर पडदा नापास. आये नाय.